आइन्स्टाइनचा हिशोब जुळला का?

(कोजागरी पौर्णिमेच्या रात्री आपल्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलताना काही आकडे इकडचे तिकडे झाले होते, ते येथे नीट करून घेतले आहेत.)



दूध अजून आटायचे आहे, तोपर्यंत "काका, तुम्ही काहीतरी बोला" असा मला हुकूम झाला आहे. मागे एकदा असाच हुकूम झाला तेव्हा मी ठेवींवरचा टीडीएस आणि पंधरा-एच फॉर्म यावर बोललो होतो. दहा मिनिटांत निम्मी गच्ची रिकामी झाली. म्हणून यंदा पैशाबद्दल बोलायचे नाही असे ठरवून आलो आहे. आकाशाबद्दल बोलणार आहे. पण चाळीस वर्षे बँकेत काढलेला माणूस आकाशाबद्दल बोलला तरी शेवटी हिशोबावरच येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

विषय माझ्या नातीने दिला. गणपतीत ती आली होती, नववीत आहे. तिच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाचा धडा आहे. मी उत्साहाने तिला न्यूटननंतर आइन्स्टाइन काय म्हणाला ते सांगू लागलो. वस्तुमानामुळे अवकाश वाकते, जड वस्तूजवळ घड्याळ हळू चालते, वगैरे. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, हे खरं आहे हे कशावरून? कुणी तिथे जाऊन बघून आलंय का?"

मला चटकन उत्तर देता येईना. पुस्तकात लिहिले आहे म्हणून खरे, हे उत्तर बँकेच्या माणसाला शोभत नाही. व्हाउचर कुठे आहे, असे मी जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलो. तर आज त्या व्हाउचरबद्दल बोलतो.

थोडे माझ्याबद्दल सांगायला हवे. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. पुढे एम.एस्सी. करायची फार इच्छा होती. पण वडील अचानक गेले, पाठीवर दोन बहिणी. बँकेची परीक्षा दिली आणि १९७४ च्या पावसाळ्यात कारकून म्हणून हजर झालो. पहिल्या दिवशी माझ्यासमोर बचत खात्याचे एक जाडजूड लेजर ठेवण्यात आले. त्याच पावसाळ्यात, म्हणजे जुलै १९७४ मध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पोर्टो रिको बेटावर रसेल हल्स नावाचा जवळजवळ माझ्याच वयाचा एक विद्यार्थी आकडे लिहीत बसला होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्याचा हेवाच वाटला असता. तो काय करत होता ते आता सांगतो.

आपल्या सूर्यापेक्षा पुष्कळ मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो तेव्हा त्याचा गाभा आतल्या आत कोसळतो. जे उरते त्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. सूर्याच्या सव्वा-दीडपट वस्तुमान, आणि आकार किती? ठाण्यापासून कल्याणपर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढाच त्याचा व्यास. वीसेक किलोमीटर. त्यातला साखरेच्या चौकोनी वडीएवढा तुकडा आणला तर त्याचे वजन कोट्यवधी टन भरेल. (आपल्या लिफ्टवर "फक्त ६ व्यक्ती" लिहिले आहे, तरी आठ जण चढतात, ते आठवले.) हा तारा स्वतःभोवती गरगर फिरतो आणि त्याच्या दोन टोकांकडून रेडिओ लहरींचे झोत निघतात. दीपगृहाचा दिवा फिरताना लांबच्या होडीला जसा थांबून थांबून चमकताना दिसतो, तसा तो झोत आपल्यावरून गेला की एक ठोका मिळतो. म्हणून त्याला पल्सार म्हणतात. जयंतराव नारळीकरांची पुस्तके वाचलेल्यांना हा शब्द नवा नसेल.

पहिला पल्सार १९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला सापडला. दर १.३३ सेकंदाला एक ठोका, आणि इतका नियमित की परग्रहावरची माणसे निरोप पाठवताहेत की काय अशी गमतीने शंका घेतली गेली. यातले नोबेल पुढे १९७४ मध्ये तिच्या गुरूंना मिळाले, तिला नाही. त्यावर अजून लोक बोलतात, आणि बोलले पाहिजे असे माझे मत आहे.

भिवंडीत ज्यांचे बालपण गेले त्यांना मागाचा आवाज सांगायला नको. रात्री झोपेतसुद्धा कानाला कळते की माग बरोबर चालला आहे की धागा तुटला. पल्सारचे तसेच आहे. ठोका ठरलेल्या वेळी पडतो, आणि पडला नाही तर काहीतरी घडले आहे हे नक्की.

हल्स अरेसिबोच्या ३०५ मीटर रुंदीच्या दुर्बिणीवर नवे पल्सार शोधत होता. जोसेफ टेलर हे त्याचे मार्गदर्शक. एक पल्सार सापडला. ५९ मिलिसेकंदांना एक ठोका, म्हणजे सेकंदाला सतरा. हल्सने आकडा फॉर्मवर लिहिला. पुन्हा मोजला तर वेगळा आला. जुना आकडा खोडून नवा लिहिला. परत मोजला, परत वेगळा. तो फॉर्म नंतर प्रसिद्ध झाला आहे, त्यावर खाडाखोडच खाडाखोड आहे. आमच्याकडे असे लेजरचे पान कुणी आणून दिले असते तर प्रत्येक खाडाखोडीखाली सही मागितली असती आणि वर दोन शब्द सुनावले असते. त्यालाही आधी वाटले की आपल्याच यंत्रात किंवा हिशोबात घोळ आहे. पण त्याने पान फाडले नाही. रोज तेच मोजत राहिला, आणि मग लक्षात आले की फरकसुद्धा नियमाने पडतो आहे. ठोके काही वेळ दाट होतात, मग विरळ होतात, मग पुन्हा दाट. चक्र पूर्ण व्हायला पावणेआठ तास.

कशेळीच्या पुलाकडून हॉर्न वाजवत येणारा कंटेनर आपल्या दिशेने येत असताना त्याचा आवाज चढा वाटतो आणि पुढे निघून गेला की उतरतो. तसेच हे. तो पल्सार कधी आपल्याकडे येत होता आणि कधी दूर जात होता. म्हणजे तो एकटा नव्हता. दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरत होता. तो दुसराही न्यूट्रॉन तारा निघाला, फक्त त्याचे ठोके आपल्याला ऐकू येत नाहीत. दोघेही सूर्यापेक्षा जड, आणि एकमेकांभोवती पावणेआठ तासांत एक फेरी. कक्षा लांबट, त्यामुळे जवळ आले की वेग सेकंदाला साडेचारशे किलोमीटरपर्यंत जातो. आपल्यापासून अंतर सुमारे २१ हजार प्रकाशवर्षे.

आता यात आइन्स्टाइन कुठे आला? त्याने १९१५ मध्ये सामान्य सापेक्षतेचा सिद्धांत मांडला. त्याचा पडताळा आपल्या सूर्यमालेत झाला होता. बुध ग्रहाची लांबट कक्षा स्वतःच हळूहळू फिरते, आणि इतर ग्रहांची ओढ हिशोबात धरूनही शतकाला ४३ विकला एवढी बाकी उरत होती. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. ती बाकी आइन्स्टाइनच्या गणिताने जुळली. आणि रोजच्या वापरातले सांगायचे तर तुमच्या मोबाइलमधला नकाशा. उपग्रहांवरची घड्याळे आपल्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेग आणि गुरुत्व दोन्हींचा परिणाम धरून. ते दुरुस्त केले नाही तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक पडेल. आपल्या गोदामांत येणारा ट्रक कशेळीऐवजी भलतीकडेच माल उतरवील.

मग एवढे पुरेसे नाही का? नाही. आणि इथे मला बँकेतलाच दाखला द्यावा लागतो. शंभर रुपयांचा गल्ला चोख ठेवणारा माणूस कोटीच्या तिजोरीतही चोख राहील, हे गृहीत धरायचे नसते. सूर्याचे गुरुत्व म्हणजे शंभर रुपयांचा गल्ला. तिथे न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या उत्तरांत पैशा-दोन पैशांचाच फरक. आइन्स्टाइनला पर्याय म्हणून मांडलेले दुसरे सिद्धांतही तिथे जेमतेम तेच उत्तर देत होते. खरी परीक्षा घ्यायची तर प्रचंड जड, अगदी जवळजवळ फिरणाऱ्या वस्तू हव्यात, आणि त्यातल्या एकीवर उत्तम घड्याळ बांधलेले हवे. प्रयोगशाळेत असे करता येत नाही. हल्सच्या खाडाखोडीतून नेमके तेच हाती आले.

पहिली गोष्ट लगेच दिसली. त्या जोडीची कक्षा वर्षाला ४.२ अंश फिरते. बुधाला शंभर वर्षांत जेवढे जमते तेवढे हे एका दिवसात करतात.

दुसरी गोष्ट जास्त खोलवरची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आइन्स्टाइनच्या म्हणण्याप्रमाणे असे दोन जड तारे एकमेकांभोवती फिरले की अवकाशात गुरुत्वीय लहरी उठतात. तलावात हात फिरवल्यासारख्या. त्या लहरी ऊर्जा घेऊन जातात. ऊर्जा गेली की तारे थोडे जवळ सरकणार, आणि जवळ सरकले की फेरी लवकर पूर्ण होणार. किती लवकर? फेरीचा वेळ वर्षभरात ७६ मायक्रोसेकंदांनी कमी व्हायला हवा. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातले ७६. तेही २१ हजार प्रकाशवर्षांवरून मोजायचे. कुणीही म्हणेल, जाऊ द्या हो.

पण रिकरिंग डिपॉझिट आठवा. महिन्याची रक्कम लहान असते, पण ती मागच्यावर चढत जाते. इथे पहिली फेरी किंचित लवकर संपली, म्हणून दुसरी लवकर सुरू झाली आणि ती आणखी किंचित लवकर संपली, तिसरी त्याहून लवकर. वर्षात अशा अकराशेहून जास्त फेऱ्या. वर्षअखेर एकूण फरक साठतो साधारण ४३ मिलिसेकंद. आणि गंमत अशी की हा फरक वर्षांच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दहा वर्षांनी दहापट नाही, शंभरपट. तीस वर्षांनी नऊशेपट. म्हणजे जवळजवळ ४० सेकंद. चाळीस सेकंद तर आपल्या जिन्यातल्या घड्याळावरसुद्धा दिसतील. टेलर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे तेच करत राहिले. घाई नाही, नवीन काही शोधायचे नाही, त्याच एका खात्यात नोंदी. आइन्स्टाइनच्या सूत्राने काढलेली वक्ररेषा आणि मोजलेले ठिपके एकाच कागदावर काढले तर ठिपके रेषेवर बसलेले दिसतात.

इथे माझी एक गोष्ट सांगतो. नोकरीत सात-आठ वर्षे झाल्यावर मी अधिकारी झालो होतो. शाखेचे नाव सांगत नाही. बचत खात्याच्या बॅलन्सिंगमध्ये २७ रुपयांचा फरक येत होता. कॉम्प्युटर नव्हते, शेकडो खात्यांच्या बेरजा हाताने. तीन संध्याकाळी गेल्या. मी कंटाळून म्हटले, सत्तावीस रुपयेच आहेत, तूर्त सस्पेन्समध्ये टाका, पुढे बघू. आमचे वयस्कर हेडक्लार्क होते, ते म्हणाले, "साहेब, फरकाला नवाने भाग जातोय. म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत. तो सापडणार." नवाने भाग गेला की अंकांची अदलाबदल शोधायची, ही आमच्याकडची जुनी युक्ती. रात्री साडेनऊला सापडले. ३६ रुपयांच्या जागी ६३ लिहिले होते. आणि अक्षर माझे होते. मी कारकुनाच्या जागेवर बदली म्हणून एक दिवस बसलो होतो, त्या दिवसाची नोंद. हेडक्लार्क काही बोलले नाहीत. त्यांनी लेजर मिटले आणि छत्री घेतली.

हे आठवायचे कारण असे की त्या ताऱ्यांच्या हिशोबातही पुढे असाच फरक दिसू लागला होता. मोजमापे सुधारली तसे लक्षात आले की कक्षा आकसण्याचा वेग आणि आइन्स्टाइनचे उत्तर यांत शेकडा सुमारे एक एवढी तफावत राहते. सस्पेन्समध्ये टाकता आली असती. १९९१ साली फ्रान्सचे थिबो दामूर आणि टेलर यांनी तिचा छडा लावला. ते तारे आणि आपला सूर्य दोघेही आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरत आहेत, सारख्या मार्गाने नव्हे. त्यामुळे त्यांच्याकडून येणाऱ्या ठोक्यांत आपल्या फिरण्याचा थोडा अंश मिसळतो. तो वजा केला आणि हिशोब जुळला. फरक आइन्स्टाइनच्या खात्यात नव्हता, आपण जिथे उभे राहून मोजतो त्या जागेच्या खात्यात होता. मी हे प्रथम वाचले तेव्हा मला आमचे हेडक्लार्क आठवले.

हल्स आणि टेलर यांना १९९३ चे नोबेल मिळाले. ते दोन तारे अजून जवळ येत आहेत, वर्षाला साडेतीन मीटर. सुमारे तीस कोटी वर्षांनी एकमेकांवर आदळतील. अरेसिबोची दुर्बीण मात्र आधीच गेली, १ डिसेंबर २०२० रोजी वरचा भाग तुटून खाली तबकडीवर कोसळला.

२००३ मध्ये याहून सरस जोडी सापडली. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीवर, मार्ता बुर्गाय या इटालियन शास्त्रज्ञ बाईंना. यात दोन्ही तारे पल्सार. एक सेकंदाला ४४ ठोके देतो, दुसरा पावणेतीन सेकंदांना एक. फेरी फक्त दोन तास सत्तावीस मिनिटांची. कक्षा वर्षाला जवळजवळ १७ अंश फिरते. आणि नशीब असे की ती कक्षा आपल्याला कडेने दिसते, ताट डोळ्यांच्या पातळीवर धरल्यासारखी. त्यामुळे एक तारा दुसऱ्याच्या मागे गेला की त्याचे ठोके पुढच्या ताऱ्याच्या अगदी जवळून, वाकलेल्या अवकाशातून वाट काढत येतात आणि त्यांना उशीर होतो. सेकंदाचा दहा-हजारावा भाग, एवढाच. पण तोही आइन्स्टाइनच्या सूत्रात आधीच लिहून ठेवलेला.

यातला दुसरा पल्सार २००८ मध्ये दिसेनासा झाला. मेला नाही. त्याचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आहे, त्यामुळे झोत आपल्यावरून जाईनासा झाला. हे डुलणेही त्याच सिद्धांतात बसते, आणि तो फिरून पुन्हा आपल्याकडे तोंड करील. २०२१ मध्ये या जोडीच्या सोळा वर्षांच्या मोजमापांचा ताळेबंद प्रसिद्ध झाला. गुरुत्वीय लहरींनी कक्षा किती आकसते याबाबत आइन्स्टाइन ९९.९९ टक्के बरोबर. कक्षा दिवसाला सात मिलिमीटर लहान होते. सात मिलिमीटर, सुमारे २४०० प्रकाशवर्षांवरून!

तर नातीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. तिथे कुणी गेले नाही. इथे बसून, ठोके मोजून, फरक खोडून न टाकता लिहून ठेवून, वर्षानुवर्षे. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखंच." मला काय वाटले ते सांगत नाही. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे आकडे जुळवण्यात गेली याची अधूनमधून खंत वाटायची, एवढेच सांगतो.

एक गैरसमज नको म्हणून सांगतो. हे शास्त्रज्ञ आइन्स्टाइनचे भक्त नाहीत. उलट चूक सापडावी म्हणून ते धडपडतात. ऑडिटरला आक्षेप सापडला नाही की तो कसा हिरमुसतो, हे मी पाहिले आहे. अणूंच्या जगाचे नियम आणि आइन्स्टाइनचे गुरुत्व यांचा मेळ अजून बसलेला नाही, त्यामुळे कुठेतरी फट असणार असे अनेकांना वाटते. ती अजून सापडलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, काका, पोर्टो रिको, ऑस्ट्रेलिया, आपले काय? आपले बरेच आहे, आणि जवळ आहे. आपल्या शेजारच्या कल्याणला १९६५ साली भारतातली एक अगदी सुरुवातीची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या ३२ लहान तबकड्या तिथे मांडून सूर्याची निरीक्षणे केली. कल्याणच्या किती लोकांना हे माहीत आहे? मला स्वतःला सत्तरीत कळले. त्याच स्वरूपांनी पुढे उटीला डोंगराच्या उतारावर मोठी दुर्बीण बांधली आणि मग जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना, चौदा मध्यभागी आणि बाकीच्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात तीन दिशांना पसरलेल्या. तबकडी भरीव पत्र्याची नाही, बारीक तारेची जाळी ताणून केलेली आहे. लांब लहरींना जाळीही भिंतीसारखीच असते, आणि वारा मात्र आरपार जातो, म्हणून खर्च वाचला. काटकसर कशी करावी हे आपल्या कमिटीने तिथे जाऊन शिकण्यासारखे आहे.

ही दुर्बीण ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. आपली सोसायटी रजिस्टर झाली ते हेच साल. आपण टँकरच्या पाण्यासाठी भांडत होतो आणि आजूबाजूला भातशेती होती, तेव्हा तिकडे हे चालले होते.

आणि या दुर्बिणीला सापडलेला पहिला पल्सार जोडीतला होता. २००४ मध्ये जाहीर झाला. एनजीसी १८५१ नावाच्या ताऱ्यांच्या गुच्छात, चाळीसेक हजार प्रकाशवर्षांवर. सेकंदाला दोनशे ठोके, फेरी पावणेएकोणीस दिवसांची, आणि कक्षा विलक्षण लांबट. त्याचीही कक्षा हळूहळू फिरते. ती किती फिरते हे मोजून, आइन्स्टाइनचेच सूत्र उलट वापरून, त्या दोन ताऱ्यांचे मिळून वजन काढले गेले: सूर्याच्या सुमारे अडीचपट. आधी काटा तपासला, मग त्याच काट्याने माल तोलला. भिवंडीच्या बाजारात याहून वेगळे काय करतात?

कुरुंदवाडचे नावही घ्यायला हवे. नरसोबाच्या वाडीला जाताना लागते तेच. तिथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी अमेरिकेत विद्यार्थी असताना १९८२ मध्ये डॉन बॅकर यांच्याबरोबर पहिला मिलिसेकंद पल्सार शोधणाऱ्या गटात होते. सेकंदाला ६४२ फेऱ्या! अशा वेगवान पल्सारांची घड्याळे सगळ्यात नेमकी, म्हणून आता आकाशभर विखुरलेले असे पल्सार एकत्र मोजून अजस्र लांबीच्या गुरुत्वीय लहरी शोधतात. जून २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय गटांनी मिळून त्या लहरींच्या खुणा जाहीर केल्या. त्यात खोडदची मोजमापे होती. एकूण २५ पल्सार, आणि जवळजवळ २५ वर्षांच्या नोंदी. रौप्यमहोत्सव म्हणजे हाच, असे मी स्मरणिकेच्या संपादकांना म्हटले. ते म्हणाले, जाहिराती किती आणताय ते सांगा.

गेल्या वर्षी विज्ञान दिनाला मी खोडदला जाऊन आलो. मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा करत. शाळेची मुले रांगा लावून आली होती. अँटेना फार जवळून पाहिली. एवढी मोठी वस्तू, पण आवाज नाही. सगळा खेळ शांततेचा आहे. तिथे येणारा संदेश इतका क्षीण असतो की आसपासच्या मोबाइलचा गोंगाटही त्याला बुडवतो. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग याच कारणासाठी बदलायची वेळ आली. नारायणगावच्या लोकांना रेल्वे हवी आहे, तीही रास्त मागणी आहे. टोमॅटोच्या शेतकऱ्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की चाळीस हजार प्रकाशवर्षांवरचे ऐकायचे आहे, तुम्ही जरा थांबा? पण तिथे उभे राहिल्यावर ती अँटेना हलवा असेही म्हणवत नाही. मला उत्तर सापडलेले नाही.

दूध झाले असे खुणेने सांगताहेत. एकच सूचना. येत्या २८ फेब्रुवारीला खोडदला जाण्यासाठी बस करायचा विचार आहे. पहाटे पाचला गेटवरून निघायचे, माळशेजला नाश्ता. किमान तीस नावे झाली तर परवडेल. नावे वॉचमनकडच्या वहीत लिहा, फ्लॅट नंबरसह, आणि कृपा करून वाचता येईल अशा अक्षरात. छत्तीसचे त्रेसष्ट होता कामा नये. माझी नात येणार आहे, तिने तिचे नाव पहिले लिहून ठेवले आहे.